गुडघेदुखीचं औषध: आधी आपलं काम सांगा

वंदना झाल्यावर विहारातून उठताना आयाबायांचे हात आधी जमिनीला टेकतात, मग भिंतीला. पन्नाशीनंतरचं हे दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या झिजेचं असतं. दवाखान्यात त्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, मांडीचे स्नायूही अशक्त होतात. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून आणणारं औषध अजून नाही. गोळी, मलम, इंजेक्शन ही सगळी दुखणं कमी करण्यासाठी, आणि प्रत्येकाचा काही फायदा, काही तोटा. म्हणून कोणता तोटा आपल्याला चालेल आणि कोणता नाही, हे पेशंटला विचारायलाच हवं.

आम्ही ओपीडीत होतो तेव्हा विचारत नव्हतो. केसपेपर बघायचा, गोळ्या हातात द्यायच्या, ‘जेवणानंतर घ्या’ म्हणायचं, पुढचा नंबर. नोकरी सोडून वस्तीत फिरायला लागलो तेव्हा त्याच गोळ्या डब्यात पडलेल्या दिसल्या. धुणंभांडी करणारी एक मावशी म्हणाली, “दुखतं सकाळी चार जिने चढताना, अन् गोळी दिली रात्रीची.” दुसरीच्या पोटात आग व्हायची, पण डॉक्टर रागावतील म्हणून ती गप्प. तिसरी कचरा वेचायची. खाडा परवडत नाही म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून दिवसाला तीन-चार गोळ्या खायची. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, तेही तिने कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी चक्कर येऊन पडली. पोटात रक्तस्राव झाला होता, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. तिचीच चूक म्हणणारे पुष्कळ भेटले. तिचं पोट कशावर चालतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक या एकाच जातीच्या गोळ्या. दुखणं चांगलं थांबवतात, पण पोटात जखम करू शकतात, बीपी वाढवतात, किडनी आणि हृदयाला त्रास देऊ शकतात. ज्यांना पूर्वी अल्सर झालाय, किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, जे बीपीची, लघवी वाढवणारी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांनी ही माहिती डॉक्टरांना दिल्याशिवाय यातली एकही घेऊ नये. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा जोर कमीच. आणि डायक्लोफिनॅकच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वरून वेगळी गोळी घेतली तर मात्रा नकळत वाढते, यकृतावर ताण येतो. रोज दारू घेणाऱ्याला तर जास्तच.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचं जेल आधी मागून बघावं असं आमचं मत आहे. रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे पोटाला त्रास कमी. मात्र एकदा चोळून भागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, काही दिवस रोज लावावं लागतं. जखमेवर लावू नये, लावल्यावर हात धुवावेत. दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबणारीला दुपारी ते लावायला जागा आणि सवड कुठली? हेसुद्धा डॉक्टरांना सांगायचं.

सुईशिवाय गुण येत नाही, असं आपल्याकडे मानतात. गुडघ्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, मग दुखणं परत येऊ शकतं. खरी भीती बिननावाच्या पुडीची. दोन दिवसांत गुण आला, भूक वाढली, तोंड सुजल्यासारखं गोल झालं, तर तीत स्टेरॉइड असू शकतं. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर चार वाक्यं पुरतात: मी काय काम करते, दुखणं केव्हा जास्त असतं, आधीची कोणती औषधं चालू आहेत, महिन्याला किती पैसे परवडतील. स्वस्तातली तीच गोळी जनऔषधी केंद्रात मिळेल का, हे विचारण्यात लाज नाही. माहिती घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे.

औषध कोणतंही घ्या, मांडीचा व्यायाम सोडू नका. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, खाली घ्यायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

येत्या रविवारी विहारात येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, पुड्या एका पिशवीत घालून आणा. कोणती कशाची आहे, एकत्र बसून बघू.