ठेवीतले रिव्हॉल्व्हर आणि गंज

निवडणुका आल्या की कित्येक परवानाधारक आपली शस्त्रे परवानाधारक दुकानदाराकडे जमा करतात. मध्येच पावसाळा लागला तर ही अमानत गंजते आणि भांडण दुकानदाराच्या गळ्यात पडते.

ब्लूइंग केलेले पोलाद गंजत नाही, हा आपल्या कारागीर बंधूंचा समज चुकीचा आहे. ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो तेल धरून ठेवतो, एवढाच त्याचा आधार. तेल सुकले की संपले.

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते पुसावे. घामातील मीठ वाईट, म्हणून नंतर उघडा हात लावू नये. नळीत व चेंबरांत बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होते. चामडी होल्स्टरमध्ये तर मुळीच ठेवू नये. चामडे ओल शोषते. आम्हीही एकदा आळस करून होल्स्टरसकट ठेवले आणि पस्तावलो. बंद डब्यात सिलिका जेल ठेवून दर महिन्याला पाहावे.

गंज दिसल्यास लिंबू किंवा आम्ल लावू नये, गंजाबरोबर ब्लूइंगही उतरते. तेलात भिजवलेल्या कापडाने हलके घासावे. परत देताना नळीतले तेल पुसून द्यावे.