टायर एका कडेने का झिजतो?



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे लागणीच्या नोंदी आणि तोडीच्या क्रमाची चौकशी सुरू होते. तिच्यासोबत एक तक्रार हमखास येते. "साहेब, नवा टायर टाकला अन् दोन महिन्यांत गुळगुळीत झाला. मालच हलका आलाय." माल कधी हलका असतोही. परंतु असा टायर आम्ही हाताने चाचपून पाहतो, तेव्हा बहुधा एकच कड गेलेली असते आणि दुसऱ्या कडेची नक्षी शाबूत असते. माल हलका असता तर टायर सगळीकडून सारखा गेला असता. एकच कड जाते, त्याअर्थी चाक नाकासमोर चालत नाही.

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी आहे, मधला पट्टा झिजला तर जास्त आहे. जागोजागी खळगे पडले तर बेअरिंग ढिले झालेले असते. नक्षीवरून आडवा हात फिरवला आणि एका बाजूने करवतीसारखी धार लागली, तर चाक तिरपे आहे.

तिरपेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण हिशेब करून पाहा. चाक एक अंशाने तिरपे असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे 17 मीटर आडवे फरफटते. शहागड-तीर्थपुरीच्या पट्ट्यातून 15 किलोमीटरची एक खेप धरली, तर अडीचशे मीटरहून जास्त. त्यावर उसाचे ओझे. टायर टिकणार कसा? डिझेलही त्यातच जळते.

ट्रॅक्टरची पुढची चाके तपासायला मोठे यंत्र लागत नाही. सपाट जागी ट्रॅक्टर सरळ चालवत आणून उभा करा. पुढच्या दोन्ही रिमांच्या आतल्या कडांवर, तुंब्याच्या उंचीला, पुढच्या बाजूस खडूने खुणा करा व त्यांतले अंतर टेपने घ्या. मग ट्रॅक्टर हळू पुढे ढकला. चाके अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा थोडेसे, काही मिलिमीटरच, कमी असावे. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो, तोच धरावा. चालताना रस्ता चाकांना मागे रेटतो, सांध्यांतली ढिलाई बाहेर फाकते, म्हणून एवढे आत ठेवायचे. 16 इंची रिमवर हा फरक 15 मिलिमीटरच्या आसपास गेला, तर प्रत्येक चाक जवळजवळ एक अंश तिरपे झाले म्हणून समजा. मात्र टाय रॉडला पाना लावण्याआधी त्याचे सांधे आणि बेअरिंग हलवून पाहा. ढिल्या सांध्यावर केलेले माप संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

ट्रॉलीकडे तर कोणी बघतच नाही. आपली काळी जमीन, त्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी. ओल्या रानातून भरलेली ट्रॉली हिसके देत बांधावरून रस्त्यावर काढली की यू बोल्ट सैल होतात, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो आणि आख एका बाजूने मागे सरकतो. मग ट्रॉली ट्रॅक्टरमागे तिरकी चालते. चारचाकी ट्रॉलीत टर्नटेबलच्या मधल्या खिळीपासून मागच्या आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी धरा, अंतर सारखे भरले पाहिजे. आख मधून वाकला असेल तर चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरची आतली कड जाते. तिथे टायर अदलून-बदलून काही होत नाही, आखच काढून सरळ करावा लागतो. तोडीआधी पंधरा दिवस पाणी बंद ठेवा, असे आम्ही उसाच्या उताऱ्यासाठी सांगतो. त्याचा आखालाही फायदा आहे.

आता टायरगाडी. हवेच्या टायरचे पेटंट 1888 साली जॉन बॉइड डनलॉप यांनी घेतले. हे गृहस्थ धंद्याने जनावरांचे डॉक्टर होते. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा टायरगाडी बैलाला हलकी जाते, पण चाके सरळ असतील तरच. जू जिथे बसते त्या खिळीपासून दोन्ही तुंब्यांपर्यंत सुतळीने मोजा. फरक निघाला तर गाडी एकीकडे ओढते, त्या बाजूचा बैल दिवसभर तिला सावरतो, आणि मग खांदेसूज येते. बहुतेक ठिकाणी गाडी कारखान्याची असते, बैल तोडणी कामगाराचे. टायर झिजला तर त्याची नोंद भांडारात होते. बैल झिजला तर कुठेच होत नाही. गाडीवाला "एक बैल अंग चोरतो" म्हणाला, तर बैलाला मारण्याआधी सुतळी लावून पाहायला सांगा.

ही मापे मोळी टाकण्यापूर्वी घ्यावीत. सेंटर बोल्ट नवा टाकला असेल तर पहिल्या चार-पाच खेपांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून सुतळी परत लावावी.

— ऊस विकास अधिकारी