गिटारसाठी ट्यूनर निवडताना



आपले ग्वाल्हेर हे सुरांचे गाव. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. गाणे शिकणाऱ्याने आधी तंबोरा नीट लावायला शिकावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. आता अनेक घरांत तंबोऱ्याच्या जागी गिटार आली आहे. वाढदिवसाला किंवा परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून पालक हौसेने ती घेऊन देतात. परंतु तीन-चार महिन्यांत बऱ्याच गिटारी कपाटावर जाऊन बसतात. मुलाला आवडच नव्हती, असे आपण म्हणतो. आम्हांला मात्र वाटते की पुष्कळदा कारण वेगळे असते. गिटार सुरात लावलेली नसते. बोटे योग्य जागी ठेवूनही ती बेसूर वाजते आणि मुलाचा समज होतो की आपल्यालाच जमत नाही. काही शे रुपयांचा एक छोटा ट्यूनर ही अडचण दूर करू शकतो. म्हणून तो कसा निवडावा आणि कसा वापरावा, याचा विचार या पाठात करू.

सहा तारांचे सहा सूर

गिटारीची सर्वांत जाड तार सहावी आणि सर्वांत बारीक तार पहिली. जाड तारेपासून सुरुवात केली तर सूर असे येतात: ई, ए, डी, जी, बी, ई. पेटी वाजवणाऱ्या मुलांनी हेच पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन असे लक्षात ठेवावे. त्यांची कंपनसंख्या दर सेकंदाला अनुक्रमे ८२.४१, ११०, १४६.८३, १९६, २४६.९४ आणि ३२९.६३ हर्ट्झ असते. पहिल्या आणि सहाव्या तारेचे नाव एकच असले तरी त्यांच्यात दोन सप्तकांचे अंतर आहे, म्हणून पहिलीची कंपनसंख्या सहावीच्या चौपट आहे.

हे आकडे मधल्या सप्तकातील ए म्हणजे ४४० हर्ट्झ, या मापावर आधारलेले आहेत. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हे माप सुचवले गेले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. लगतच्या दोन सुरांमधील अंतराचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. पूर्ण सप्तक १२०० सेंटचे होते. ट्यूनर तारेची कंपने मोजतो, जवळचा सूर कोणता ते दाखवतो आणि आपली तार त्याहून किती सेंट उतरलेली किंवा चढलेली आहे ते काट्याने अथवा दिव्यांनी सांगतो.

कोणता प्रकार घ्यावा?

पहिला प्रकार मायक्रोफोनचा. तो हवेतून आवाज ऐकतो. शांत खोलीत एकट्याने सराव करणाऱ्याला तो पुरतो. पण वर्गात आठ-दहा मुले एकदम तारा छेडू लागली, पंखा चालू असला, शेजारी तबला वाजत असला, की काटा भलतीकडेच धावतो.

दुसरा प्रकार चिमट्याचा. तो खुंट्यांजवळ गिटारीच्या डोक्याला लावतात. तो लाकडातून येणारी कंपने घेतो, त्यामुळे भोवतालच्या गोंगाटाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. शाळेचा संगीत वर्ग, गणेशोत्सवाचा मंच, स्नेहसंमेलनाची पडद्यामागची गडबड अशा ठिकाणी हाच उपयोगी. आमच्या मते शालेय विद्यार्थ्यांसाठी चिमट्याचा ट्यूनर सर्वांत सोयीचा आहे.

तिसरा पर्याय मोबाइलमधील अ‍ॅपचा. तेही बरे काम देते, परंतु ते मायक्रोफोनवरच चालते. शिवाय सराव सुरू करण्यासाठी हातात घेतलेला मोबाइल सहजासहजी खाली ठेवला जात नाही, हे पालकांना आम्ही सांगायला नको. पायाने दाबायचे पेडल ट्यूनर विजेवर चालणाऱ्या गिटारीसाठी असतात. साध्या लाकडी गिटारीला त्यांची गरज नाही.

विकत घेताना काय पाहावे?

१. तो क्रोमॅटिक असावा, म्हणजे बाराही सूर ओळखणारा. केवळ गिटारीचे सहा सूर ओळखणारा ट्यूनर तार फार उतरलेली असेल तर गोंधळात टाकतो. क्रोमॅटिक ट्यूनर समोर आलेल्या सुराचे खरे नाव सांगतो, आणि पुढे व्हायोलिनसाठीही तो वापरता येतो.

२. दाखवण्याची पट्टी ठळक असावी. उन्हात आणि अंधाऱ्या मंचावर, दोन्हीकडे वाचता आली पाहिजे. दुकानात दारापाशी जाऊन एकदा पाहून घ्यावे.

३. मूळ माप बदलण्याची सोय असावी. बऱ्याच ट्यूनरमध्ये ४३० ते ४५० हर्ट्झपर्यंत ते बदलता येते. आपल्यासाठी ही सोय फार महत्त्वाची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

४. चिमट्याची पकड घट्ट असावी, पण लाकडावर वळ उठू नयेत म्हणून आतून रबर असावे.

५. काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असावी, नाहीतर सेल लवकर संपतो. यात बहुधा नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेला तर अन्ननलिका भाजून जिवावर बेतू शकते आणि मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तर उत्तम.

वेष्टनावर एक सेंट, अर्धा सेंट अशी अचूकता छापलेली असते. तिच्यासाठी फार जादा पैसे मोजू नयेत. पाच सेंटपेक्षा कमी फरक ओळखणे सर्वसाधारण कानाला अवघडच जाते.

पेटीबरोबर वाजवताना

प्रार्थनेला आपल्याकडे पेटी असते. जुनी पेटी नेमकी ४४० च्या मापावर असेलच असे नाही. समजा तिचा ए ४३६ हर्ट्झवर आहे. मग ट्यूनरप्रमाणे बिनचूक लावलेली गिटार पेटीपेक्षा सुमारे १६ सेंट चढी राहील, आणि दोन्ही वाद्ये बरोबर असूनही एकत्र बेसूर वाटतील. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, म्हणून गिटारीनेच जुळवून घ्यायचे. त्यासाठी पेटीची खालच्या सप्तकातील पांढरी सहा दाबून ठेवावी आणि गिटारीची पाचवी तार कानाने तिच्याशी जुळवावी. नंतर काटा मध्यावर येईपर्यंत ट्यूनरचे मूळ माप बदलावे. आता उरलेल्या पाच तारा ट्यूनरवर लावता येतात.

तार लावण्याची रीत

एका वेळी एकच तार मध्यम जोराने छेडावी. छेडताक्षणी सूर किंचित चढा असतो, म्हणून क्षणभर थांबून काटा पाहावा. तार चढी असेल तर आधी ती थोडी उतरवावी आणि मग खालून वर सुरावर आणावी, म्हणजे खुंटीत ढिलाई राहत नाही. सहाही तारा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासावे, कारण एका तारेचा ताण बदलला की इतरांवरही थोडा परिणाम होतो.

मोठी चूक होते ती सप्तकाची. ट्यूनर फक्त ई असे दाखवतो. तो ई योग्य सप्तकातला आहे की नाही, हे बरेच ट्यूनर सांगत नाहीत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक पट्टी चढवली तरी ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, आणि एक सप्तक चढवू गेल्यास तो चौपट होऊ लागतो. तिथवर पोचण्याआधीच तार तुटते, आणि तुटलेली तार डोळ्याला लागू शकते. म्हणून तार ताठ होत चालली आणि काटा तरीही जागेवर येत नसेल, तर पिळणे थांबवून शिक्षकांना विचारावे. खुंटी फिरवताना चेहरा तारांवर झुकवू नये.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात गिटार उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. तापलेली पोलादी तार प्रसरण पावते आणि सूर उतरतो. लाकडाचे जोडही सुटू शकतात.

ट्यूनरने कान बिघडतो का?

ही शंका जुन्या पिढीतील संगीतप्रेमी आम्हांला नेहमी विचारतात आणि ती रास्त आहे. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. तिथे सा ते शुद्ध गंधार हे अंतर ४०० सेंटचे असते. उत्तम लावलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. गिटारीला ट्यूनरचे म्हणणे मानावे, तंबोऱ्याला कानाचे. दोन्हींतला भेद ऐकू येणे हेच संगीताचे शिक्षण होय.

ट्यूनर हा उत्तरे तपासण्याच्या यादीसारखा आहे. गणित न सोडवता उत्तर पाहणाऱ्याला गणित येत नाही, पण सोडवून झाल्यावर उत्तर ताडून पाहणारा लवकर शिकतो. आधी कानाने लावा, मग ट्यूनरने तपासा. काही महिन्यांनी काटा पाहण्याआधीच तो कुठे थांबेल हे तुम्हांला कळू लागेल.

स्वाध्याय

१. ट्यूनर बंद ठेवा. सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबून त्या सुराला पाचवी मोकळी तार जुळवा. याच रीतीने पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरी लावा. दुसरी लावताना तिसऱ्या तारेचा चौथा पडदा दाबा. दुसरीच्या पाचव्या पडद्यावरून पहिली लावा. आता ट्यूनर लावून प्रत्येक तार किती सेंटने चुकली ते वहीत लिहा. हे सलग पंधरा दिवस करा.

२. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. एक तार ११० आणि दुसरी ११२ हर्ट्झवर असेल तर सेकंदाला किती लाटा ऐकू येतील?

३. घरातील पेटी मूळ मापापेक्षा चढी आहे की उतरलेली, ते वरील रीतीने शोधा.

वह्या संगीत शिक्षकांना दाखवाव्यात. आणि पालकहो, कपाटावरची गिटार एकदा खाली काढून पाहा.