सहलीच्या पिशवीत पासपोर्ट आधी
(जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून नवागतांसाठी)

म्युनिकहून साल्झबुर्ग जेमतेम दोन तासांवर. डॉइचलांड तिकीट थेट तिथपर्यंत चालतं, वाटेत फाटक नाही, शिक्का नाही. नव्याने आलेल्याला आपण दुसऱ्या देशात गेलो असं वाटतच नाही. आमच्यातलं एक कुटुंब असंच डबे भरून निघालं. खिशात फक्त रेसिडेन्स परमिटची कार्डं, पासपोर्ट घरच्या कपाटात. परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढले. खातरजमा होईपर्यंत लेकराबाळांसह सगळे फलाटावर ताटकळले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही हवेत. जर्मन रेसिडेन्स परमिटवर इतर शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं, पण वैध पासपोर्ट जवळ असेल तरच. कार्ड हा राहण्याचा परवाना; प्रवासाला ते एकटं पुरत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, आधार किंवा फोनमधला फोटो पासपोर्टची जागा घेऊ शकत नाही.

तपासणी होतेच. जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून सर्व शेजारी देशांच्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. शिवाय हद्दीपासून 30 किलोमीटरच्या पट्ट्यात पोलीस कुठेही ओळखपत्र मागू शकतात. इटलीत हॉटेलवालेही पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

शेंगेन म्हणजे सगळा युरोप नव्हे. शेंगेनमध्ये 29 देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि तो पॅरिसच्या स्टेशनवर युरोस्टारमध्ये चढण्याआधीच तपासला जातो.

मुलांची कागदपत्रं वेगळी. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे त्याची मुदत नकळत संपते. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र घ्या.

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या आणि भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. तिथे मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं; त्यावर युरोपात फिरता येत नाही. म्हणून पासपोर्ट आणि कार्डाच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवा, एक प्रत स्वतःला ईमेलही करून ठेवा. मूळ कागदांऐवजी त्या चालणार नाहीत, पण नवे काढताना फार उपयोगी पडतात.

तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि कार्डाची मुदत तपासा. आणि दाराला कुलूप लावण्याआधी दोन्ही पिशवीत आहेत ना, हे एकदा हात घालून पाहा.