इमारतींतील तारांची वाट

नळदुर्गच्या किल्ल्यांतील पाणीमहाल आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. बोरी नदीस घातलेल्या बांधाच्या पोटांतच हा महाल आहे. पावसाळ्यांत माथ्यावरून पाणी कोसळत असतें, तरी आंत उभा असलेला मनुष्य भिजत नाहीं. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानींत, इ. स. १६१३ च्या सुमारास, ज्यांनीं हें काम केलें त्यांनीं पाण्याची वाट दगड चढविण्यापूर्वींच ठरविली होती हें उघड आहे. टेलिफोन व संगणक यांच्या तारा इमारतींत कशा न्याव्या, या आजच्या विषयासही हाच दृष्टान्त लागू पडतो.

पूर्वीं टेलिफोनची तार निराळी व संगणकाची निराळी असे. यंत्र बदललें कीं तारही बदलावी लागे. हा घोळ मिटविण्यासाठीं अमेरिकेंत १९९१ सालीं एक सर्वमान्य पद्धति ठरविण्यांत आली. प्रत्येक खोलींतून एकाच जातीची तार निघून मध्यवर्ती खोलींत यावी, व तेथें तिला हवें तें काम द्यावें, हें तिचें सार होय.

या तारेंत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. निळी, नारिंगी, हिरवी व तपकिरी अशा त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीस पीळ घातलेला असतो. हा पीळ शोभेसाठीं नव्हे. जवळून विजेची तार गेली असतां तिचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांस सारखाच पोंचतो. आणि पलीकडील यंत्र दोहोंतील फरकच तेवढा वाचीत असल्यामुळें तो उपद्रव आपोआप गळून पडतो. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालींच या युक्तीचें पेटंट घेतलें होतें. चारही जोड्यांचा पीळ मात्र सारखा ठेवीत नाहींत. नाहींतर शेजारीण शेजारणीचें बोलणें ऐकूं लागेल! म्हणून टोंक जोडतांना अर्ध्या इंचाहून अधिक पीळ उलगडूं नये. तारेची लांबीही शंभर मीटरांच्या आंत हवी: नव्वद भिंतींतून, व उरलेले दहा दोन्ही टोंकांच्या सुट्या तारांसाठीं. त्यापुढें काचतंतूच घालावा.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें तीस भारतनेट हें नांव मिळालें. परंतु दारापासून वर्गापर्यंतची वाट घरधन्यानेंच करावयाची असते. बिनतारी यंत्रानें भागेल असें कित्येकांस वाटतें. आमच्या जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडी भिंतींतून त्याच्या लहरी फारच क्षीण होऊन बाहेर पडतात. शिवाय त्या यंत्रासही मागून तार लागतेच.

गिलावा झाल्यावर छिन्नीनें झिऱ्या मारणें खर्चाचें, आणि खिडकींतून तारा लोंबत ठेवणें म्हणजे उंदरांस आमंत्रण. शाळेची नवी खोली बांधतांना गवंड्याकडून भिंतींत एक जास्त नळी बसवून घ्यावी. विजेच्या नळींतूनच ही तार ओढण्याची काटकसर कोणी सुचवील, ती जिवावर बेतणारी आहे. नळींत ओढदोरी सोडून ठेवावी, आणि ज्या दिवशीं तार पडेल त्याच दिवशीं तिच्या दोन्ही टोंकांस खोलीचा क्रमांक बांधावा.