किल्ली परत देण्याआधी

पुणे, रविवार

चि. मुक्तास,


दिल्लीहून विज्ञान खात्याचं बोलावणं आलंय आणि तू आठ दिवस कुढते आहेस, असं तुझी आई म्हणाली. "फायली ढकलायला का पीएच.डी. केली?" तुझ्या वयात मीही हेच विचारलं असतं, बहुधा जरा चढ्या आवाजात.

सलीमुज्जमाँ सिद्दिकी हे नाव तुझ्या कानावरून गेलंय का? जन्म १८९७, बाराबंकी जिल्हा. फ्रँकफर्टहून १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवून आले. हकीम अजमल खानांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात देशी औषधींवर संशोधनाची सोय उभी केली, ती त्यांच्यावर सोपवली. हकीमसाहेब त्याच वर्षी गेले. सिद्दिकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून एक अल्कलॉइड वेगळं केलं, हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर चालणारं, आणि त्याला नाव दिलं अजमलीन. ऋण फेडायची ही रीत मला फार आवडते. पुढे १९४२ मध्ये कडुलिंबाच्या तेलातले कडू घटकही त्यांनी वेगळे काढले: निम्बिन आणि त्याची भावंडं.

१९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले. १९५३ मध्ये तिथली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद उभी केली आणि १९६६ पर्यंत सांभाळली. लाहोर, पेशावर, तिकडे ढाका... मंजुऱ्या, इमारती, माणसं. निवृत्तीनंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर हा माणूस कराची विद्यापीठात गेला, तिथं रसायनशास्त्राची संशोधन संस्था काढली आणि पुन्हा झाडपाल्यात रमला. शहाण्णव वर्षं जगले.

तेव्हा तू जा. फ्लास्कमध्ये स्फटिक पडेनात म्हणून आतून काचकांडीनं घासत रात्र काढलेलं कुणीतरी त्या टेबलाशी हवंच. तिथं "सोमवारपर्यंत निष्कर्ष द्या" असं फर्मान निघेल, तेव्हा सोमवारपर्यंत काय होतं आणि काय होत नाही, हे तुला ठाऊक असेल. प्रकल्पाचा अहवाल आला की आधी उतारा किती टक्के ते बघ, प्रस्तावना नंतर.

एक अट मात्र आताच घाल: आठवड्यातला एक दिवस प्रयोगशाळेचा. तोंडी नको, नेमणुकीच्या पत्रात लिहून घे. मी तोंडी आश्वासनावर विभागप्रमुख झाले आणि अकरा वर्षं माझ्या फ्यूमहूडमध्ये लोकांनी डबे ठेवले.

तुझ्या प्रयोगशाळेची किल्ली परत देण्याआधी मला फोन कर.

तुझी,
आत्या