जमेची बाजू आधी वाचा

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. त्यांतलंच एक आमचं. बाबा हिशेबाच्या शाखेत होते. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले आणि पुढे नोकरीही हिशेबाचीच धरली: स्थानिक निधी संपरीक्षा. नगरपालिकांनी खर्च केलेल्या पैशांच्या वह्या मागाहून उघडून तपासायच्या, हे काम. एकतीस वर्षं गावोगावच्या रोकडवह्या, कराच्या मागणी-नोंदी आणि अंदाजपत्रकं वाचली. निवृत्त झाल्यापासून भोपाळ महापालिकेचं अंदाजपत्रक दर वर्षी मिळवून वाचते. या सगळ्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

१. खर्चाच्या आधी जमा वाचा

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. छोट्या गावातली नगरपालिका, मार्चची दुपार. लेखापाल अंदाजपत्रकाचा मोठा तक्ता पसरून बसले होते. खर्चाचे सगळे आकडे शाईने लिहिलेले, जमेचेही बहुतेक शाईनेच. फक्त संपत्तिकराची ओळ पेन्सिलीने. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "मैडम, खर्चा तो तय है, आमदनी बिठानी है." दोन्हीकडच्या बेरजा जुळून वर थोडी शिल्लक दिसेपर्यंत त्यांनी तो आकडा तीनदा खोडला. शेवटी जो राहिला तो आदल्या वर्षीच्या वसुलीच्या तिप्पट होता. बैठकीत रस्त्यांवर, स्वागतकमानीवर, कुणाच्या मोहल्ल्यात किती हातपंप यावर तास-दीड तास चर्चा झाली. त्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल कुणी शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी त्याच पालिकेच्या तपासणीला गेले. सफाई कामगारांचा पगार दोन महिने थकलेला. पथदिव्यांचे बल्ब घेणं थांबलेलं. पावसाळ्याआधीची नालेसफाई अर्धवट. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता, सगळी व्हाउचरं जागच्या जागी होती. फक्त तो तिप्पट आकडा प्रत्यक्षात आला नव्हता. माझ्या आक्षेपांच्या छापील नमुन्यात खोट्या अंदाजासाठी रकानाच नव्हता. त्या रात्री विश्रामगृहात मला झोप लागली नाही, हे अजून आठवतं.

तेव्हापासून कुठलंही अंदाजपत्रक हातात आलं की मी तीन रकाने शेजारी शेजारी ठेवते: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय आलं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज काय, पुढच्या वर्षाचा अंदाज काय. स्वतःच्या करांच्या ओळींवर तिसरा आकडा पहिल्याच्या फार पुढे उडी मारत असेल, तर खर्चाच्या बाजूला लिहिलेलं बरंचसं होणार नाही असं समजून चालावं. आणि पैसे कमी पडले की कात्री उद्घाटनाच्या कामांना लागत नाही. ती दुरुस्तीला लागते, साफसफाईला लागते, पगाराला लागते.

महाराष्ट्रातल्या १९४९ च्या महापालिका कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवून घ्यायचे. म्हणजे आधी कमाई किती करणार ते बोला, मग खर्चाकडे या. घरातली बाई महिन्याचं वाणसामान याच क्रमाने भरते.

२. अंदाजपत्रक मोठं म्हणजे पालिका मोठी असं नव्हे

भोपाळचं अंदाजपत्रक आता साडेतीन हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. आकडा ऐकून माणूस दिपतो. पण त्यातला मोठा हिस्सा केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानांचा. ज्या कामाला आला त्याच कामाला लावायचा. महापालिका स्वतःच्या मर्जीने जो खर्च करू शकते, तो संपत्तिकर, जलकर, कचऱ्याचं शुल्क, भाडी, परवाने यांतूनच.

लहानपणी शहराच्या वेशीवर चुंगीनाक्याशी उभ्या असलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रकांची रांग मी पाहिली आहे. चुंगी म्हणजे आपली जकात. मध्य प्रदेशात ती १९७६ मध्ये उठली आणि तिच्या बदल्यात सरकार पालिकांना 'चुंगी क्षतिपूर्ती' देऊ लागलं. नाक्यावरची पिळवणूक गेली, ते उत्तमच झालं. पण पालिकेचा स्वतःचा रोजचा रोकडा गेला आणि दर महिन्याला राजधानीकडे बघत बसायची सवय लागली. ही रक्कमही पुरती हाती येते असं नाही. विजेच्या थकबाकीपोटी ती परस्पर कापून घेतली जाते. महाराष्ट्र याच वाटेने उशिरा गेला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, गेला, २०१७ मध्ये जीएसटीबरोबर मुंबईची जकात गेली, आणि तिथेही नुकसानभरपाईचा धनादेश आला.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या सगळ्या महापालिकांचं महसुली उत्पन्न एकत्र केलं तरी देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६ टक्क्यांच्या आसपास भरतं. शहरं वाढतात लाखांनी आणि शहरांचा गल्ला मात्र एवढाच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनेत जागा दिली. कर लावण्याचे अधिकार किती द्यायचे, ते राज्यांवर सोडलं. त्यामुळे हातात जो एक धड कर उरला, त्या संपत्तिकराला जपायला हवं.

३. आधी आपलं बिल तपासा

हा धडा मला घरातच मिळाला.

आमच्याकडे संपत्तिकराचं स्वयं-निर्धारण असतं. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घर कुठल्या परिक्षेत्रात येतं, वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी, हे आपणच फॉर्मवर लिहायचं. त्यावरून वार्षिक भाडेमूल्य निघतं आणि त्याच्या ठरावीक टक्के कर. मालक स्वतः राहत असेल तर संपत्तिकरात निम्मी सूट. पुण्याच्या माझ्या नणंदेला १९७० पासूनची चाळीस टक्क्यांची सवलत होती. मधे ती काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत मिळाली, तेव्हा तिने आनंदाने फोन केला होता. मी तिला म्हटलं, आमच्याकडे पन्नास आहे!

बाबा गेल्यावर घराची कागदपत्रं माझ्या नावावर करताना जुना फॉर्म हातात आला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना भाड्याने देत होतो, आणि फॉर्मवर पूर्ण घर 'स्वतःच्या वापरात' असं लिहिलेलं. अक्षर बाबांचं. ज्या माणसाने मला रोकडवहीत पेन्सिल वापरू नये असं शिकवलं, त्यांचं. मी दादाला दाखवलं. तो म्हणाला, सगळेच असं लिहितात, आता उकरून काय मिळणार? मी टेप घेऊन खोल्या मोजल्या, नवा फॉर्म भरला आणि फरक भरून टाकला. दादा काही दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

त्या दोन खोल्यांचा फरक वर्षाला फार मोठा नव्हता. पण आमच्या गल्लीत वर मजला चढवलेली अशी अनेक घरं आहेत आणि भोपाळमध्ये वॉर्ड आहेत ८५. गळती कुठे होते ते मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत शोधलं. ती माझ्या घरीही होती.

४. थोडं थोडं वाढवलेलं सोसतं

कर वाढवला की मतं जातात, या भीतीने वर्षानुवर्षं दर गोठवून ठेवायचे आणि मग गळ्याशी आलं की एकदम उडी घ्यायची, ही रीत मी इतक्या ठिकाणी पाहिली की तिचं वेळापत्रक सांगू शकते. निवडणुकीच्या आधी दोन वर्षं शांतता, निवडणुकीनंतर धक्का. लोक चिडतात ते वाढीवर नाही, धक्क्यावर.

परदेशातही वेगळं नाही. इंग्लंडमध्ये घरावरचा कौन्सिल टॅक्स आजही १९९१ च्या किमतींवरून ठरवलेल्या गटांप्रमाणे आकारतात. घरांचं नव्याने मूल्यांकन करायचं धाडस कुणाला झालं नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये हात वर केले आणि एप्रिल २०२४ पासून नागरिकांवर एका वर्षात जवळजवळ दहा टक्के वाढ आली, शिवाय ग्रंथालयांपासून दिव्यांपर्यंत कपात.

आपल्याकडे कर आता जमिनीच्या सरकारी दरांशी, म्हणजे कलेक्टर गाइडलाइनशी, जोडला गेला आहे. २०२० मध्ये केंद्राने राज्यांना जास्तीचं कर्ज घ्यायला परवानगी देताना ही अट घातली होती. ती पुरी करणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर मध्य प्रदेश होता, आणि त्यापोटी राज्याला २३७३ कोटी रुपये उचलायची मुभा मिळाली. पंधराव्या वित्त आयोगाने त्यापुढे जाऊन सांगितलं की राज्याचं उत्पन्न ज्या गतीने वाढतं त्या गतीने संपत्तिकराची वसुली वाढली तरच अनुदान. मला हे पटतं. यात एक दोष मात्र आहे: जुन्या शहरात, चौकाच्या आसपास, जमिनीचा भाव चढला म्हणून तिथल्या वृद्ध विधवेचं पेन्शन चढत नाही. अशा घरांसाठी सवलत नाव घेऊन, अटी लिहून द्यावी. सगळ्यांचा दर गोठवणं हा त्यावरचा उपाय नाही.

५. माफीची सवय वाईट

आमच्या ओळखीचे एक शिंपीकाका होते, जुन्या शहरात छोटं दुकान. कराच्या पावत्या ते तारेत ओवून भिंतीला टांगत. सर्वांत खालची पावती पिवळी पडून कडांनी तुटायला आलेली. दर एप्रिलमध्ये जाऊन भरून यायचे. शेजारच्या गाळेवाल्याने सात-आठ वर्षं छदाम भरला नाही. मग नॅशनल लोकअदालत लागली. कर आणि अधिभार मिळून पन्नास हजारांपर्यंत बाकी असेल तर अधिभारात शंभर टक्के सूट. पन्नास हजार ते एक लाख असेल तर पन्नास टक्के. त्यावर पंचवीस टक्के. शेजारी हसत हसत मूळ रक्कम भरून मोकळा झाला. काकांनी मला विचारलं, "बिटिया, हमने वक़्त पर भरके कौन सी ग़लती की?"

मला उत्तर देता आलं नाही. वेळेआधी भरणाऱ्याला थोडी सूट मिळते हे मी सांगितलं, पण ते त्यांना माहीत होतं आणि त्यांचा प्रश्न तो नव्हता. लोकअदालतीने तुंबलेली वसुली एका दिवसात येते, खटले मिटतात, हे खरं. ज्याच्यावर खरंच संकट आलं त्याला तो दरवाजा हवाच. पण वर्षातून अनेकदा तोच दरवाजा उघडणार हे ठाऊक झालं, की मार्चमध्ये भरायचं कशाला, असा हिशेब पक्का होतो. एका थकबाकीदाराला ही सवलत आयुष्यात एकदाच मिळावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. नोंदवहीत नसलेलं घर कर भरत नाही

हे सांगायला सोपं आहे, म्हणून थोडक्यात. २०१४ मध्ये कोलार नगरपालिका भोपाळमध्ये विलीन झाली, कॉलन्याच्या कॉलन्या आत आल्या. शहर पसरतं त्या वेगाने मागणीची नोंदवही पसरत नाही. दर वाढवण्याआधी नोंदी वाढवा. वसुली करणारी माणसं वाढवा. एकेकाकडे हजारो घरं दिली तर तो उरलेली घरं ओळखणार कधी?

७. पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशेब लोकांपुढे मांडा

लोक कर चुकवतात ते सगळे लबाड म्हणून नव्हे. पैसा कुठे गेला ते त्यांना दिसत नाही. आमच्या सोसायटीत एकदा मी फळ्यावर फक्त पाण्याचा प्रवास लिहिला. पूर्वी मोठ्या तलावावर भागायचं. मग कोलार धरणाचं पाणी आलं, मग नर्मदेचं. नर्मदेचं पाणी आपल्या नळाला येण्याआधी कोसांवरून पंपांनी उपसून वर चढवावं लागतं, दिवसरात्र, आणि विजेचं बिल महापालिका भरते. शेजारी आमचं महिन्याचं जलकराचं बिल लावलं. त्या वर्षी सोसायटीतल्या तीन जुन्या थकबाक्या कुणी न सांगता भरल्या गेल्या.

कचऱ्याचंही तेच. भानपूरची खंती, म्हणजे कचऱ्याचा डेपो, २०१८ मध्ये बंद झाली, कचरा आदमपूर छावणीला जायला लागला. अंतर वाढलं, डिझेल वाढलं, प्रक्रियेचा खर्च आला. हे बिलाच्या मागे चार ओळींत छापता येतं. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये पाणी उपसण्याच्या विजेचा खर्च वाचवायला सौर प्रकल्पासाठी रोखे काढले आणि २४४ कोटी उभे केले. पालिकेचा हिशेब उघडा असला की अनोळखी माणूससुद्धा तिला पैसे द्यायला पुढे येतो.

८. बैठकीच्या आधी विचारा, नंतर नव्हे

आयएसबीटीतल्या, म्हणजे आंतरराज्य बस टर्मिनलमधल्या, परिषदेच्या सभागृहात महापालिकेच्या बैठका होत आल्या आहेत. जाड पुस्तक पार्षदांच्या, म्हणजे आपल्या नगरसेवकांच्या, हाती पडतं आणि थोड्या वेळात मंजुरीची वेळ येते. तेवढ्यात कुणीही सगळं वाचू शकत नाही. त्यामुळे गोंधळ होतो तो करवाढीच्या टक्क्यांवर, कारण तेवढाच आकडा पटकन सापडतो.

मार्च जवळ येतो आहे. आपला कर भरा, फॉर्मवर घराची खरी नोंद आहे का ते पाहा, आणि आपल्या वॉर्डाच्या पार्षदाला बैठकीच्या आधी गाठून एवढंच विचारा: गेल्या वर्षी संपत्तिकराचा अंदाज किती धरला होता, आणि ३१ मार्चला प्रत्यक्षात किती जमा झाले?